टाकीचा इंडिकेटर: आधी पडद्यावर, मग ब्रेडबोर्डवर

पॅनेलवाला | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करतो. रविवारी सकाळी आमच्या गल्लीतली सात मुलं माझ्याकडे येतात, आठवी ते दहावीतली. त्यांना स्वतःच्या हाताने काहीतरी जोडायचं असतं आणि मला शिकवायला मनापासून आवडतं. अडचण सामानाची. सात जणांत ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची भोकांची पाटी) दोन आणि मल्टिमीटर एक. म्हणून आम्ही सर्किट आधी ऑनलाइन सिम्युलेटरवर जोडतो, तिथे चाललं की मग खरं सामान हातात घेतो. या सहा-सात महिन्यांत जे कळलं ते इथे लिहितो, आणि शेवटी एक अडचण आहे तीही विचारतो.

पहिलं सर्किट घेतलं ते सगळ्यांच्या घरचं: गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे हे खाली स्वयंपाकघरात दाखवणारा इंडिकेटर. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. मोटर लावून माणूस विसरला की टाकी भरून वाहते आणि तेच पाणी दुसऱ्या दिवशी कमी पडतं.

रचना साधी आहे. टाकीच्या तळाशी एक तार, ती ५ व्होल्टच्या प्लसला (मोबाइलचा जुना चार्जर). वर पाव, अर्धी, पाऊण आणि भरलेली अशा चार उंचीवर चार तारा. प्रत्येक तार १० के (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टरमधून एका बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला. एमिटर मायनसला, कलेक्टरला ३३० ओहम आणि लाल एलईडी. पाणी तारेला टेकलं की पाण्यातून थोडासा करंट बेसला मिळतो आणि दिवा लागतो.

आम्ही फॉल्स्टॅडचा सिम्युलेटर उघडला. ब्राउझरमध्येच चालतो, काही डाउनलोड करावं लागत नाही. पॉल फॉल्स्टॅड यांनी तो आधी जावा ॲपलेट म्हणून लिहिला होता, नंतर इयन शार्प यांनी तो जावास्क्रिप्टमध्ये आणला. त्यात प्लस व्होल्टेजची तार हिरवी दिसते, मायनसची लाल, ग्राउंडची करडी, आणि करंट म्हणजे तारेतून सरकणारे पिवळे ठिपके. करंट वाढला की ठिपके पळतात. पुस्तकातल्या बाणाकडे बघून जे डोक्यात शिरत नाही ते या ठिपक्यांनी पाच मिनिटांत शिरतं.

सगळं जोडून झालं आणि नववीतल्या एका मुलीने विचारलं, "दादा, यात पाणी कुठंय?"

सामानाच्या यादीत पाणी नसतं. मग बसून ठरवलं की सर्किटच्या दृष्टीने पाणी म्हणजे एक रेझिस्टर. पण किती ओहमचा? बादली आणली, मल्टिमीटरच्या दोन्ही तारा त्यात धरल्या. आकडा एका जागी थांबेना. तारा लांब केल्या की वाढतो, उघडं टोक जास्त बुडवलं की कमी होतो, नुसतं धरून बसलं तरी हळूहळू सरकतो. नळाच्या पाण्याला ४० ते ९० के असं काहीतरी मिळालं. शेजारच्या घरातून आरओचं पाणी आणलं तर आकडा कितीतरी वर गेला. क्षार काढून टाकलेलं पाणी वीज कमी वाहून नेतं, हे मुलांनी वाचलेलं होतं, पण मीटरवर बघितलं ते त्या दिवशी.

आता नियम असा, की रन करण्याआधी उत्तर कागदावर लिहायचं. पाणी ५० के धरलं तर बेसचा करंट: ५ वजा ०.७ (बेस-एमिटरमध्ये पडणारं व्होल्टेज) म्हणजे ४.३ व्होल्ट, भागिले ६० के, म्हणजे साधारण ७२ मायक्रोॲम्पिअर. ट्रान्झिस्टरचा गेन (बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरला मिळतो तो आकडा) २०० धरला तर कलेक्टरला १४ मिलिॲम्पिअर मिळू शकतात. पण ३३० ओहममधून जेमतेम साडेआठच जाणार (५ वजा एलईडीचे २, वजा ट्रान्झिस्टरचे ०.२, भागिले ३३०). म्हणजे दिवा पूर्ण लागायला हवा. सगळ्यांनी ८.५ लिहिलं.

पडद्यावर ७ च्या आसपास आले.

अर्धा तास शोधत होतो. बेरीज पुन्हा केली, वायर पुन्हा बघितल्या. शेवटी एकाने ट्रान्झिस्टरवर डबल क्लिक केलं आणि आत गेनचा आकडा सापडला: १००. सिम्युलेटरने स्वतःहून १०० धरला होता, आम्ही कागदावर २०० धरला होता. मग बीसी ५४७ ची डेटाशीट काढली. त्यात गेन ११० ते ८००, आणि नावापुढे बी असेल तर २०० ते ४५०. एकाच नावाचे दोन ट्रान्झिस्टर आणि गेनमध्ये दुपटीचा फरक! त्या दिवशी मुलांना कळलं की सर्किट असं आखायचं असतं की सर्वांत कमी गेनचा ट्रान्झिस्टर हाती आला तरी ते चालावं. हे मी तोंडाने दहा वेळा सांगितलं असतं तरी इतकं पक्कं बसलं नसतं.

पाण्याच्या रेझिस्टरला फॉल्स्टॅडमध्ये स्लायडर लावता येतो. तो सरकवत नेला. गेन २०० ठेवूनसुद्धा १५० के ला करंट साडेपाचच्या आत, ३०० के ला तीनच्या आत, आणि दिवा मलूल. उपाय म्हणून एकाऐवजी दोन ट्रान्झिस्टरची डार्लिंग्टन जोडी (पहिल्याने वाढवलेला करंट दुसरा पुन्हा वाढवतो) लावली आणि ३०० के लाही दिवा लख्ख लागला.

मग खऱ्या ब्रेडबोर्डवर आलो, आणि पडद्याने न सांगितलेल्या दोन गोष्टी लगेच भेटल्या. एक, ट्रान्झिस्टरचे पाय. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. आमच्या डब्यात काही २एन३९०४ होते, त्यांचे नेमके उलटे: एमिटर, बेस, कलेक्टर. पडद्यावर पायांवर नाव येतं, हातातल्या काळ्या तुकड्यावर येत नाही. दोन, लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या पॉवरच्या पट्ट्या काही बोर्डांत मध्यावर तुटक असतात. डावीकडचे दोन दिवे लागले, उजवीकडचे दोन मेलेले. मुलांनी मल्टिमीटर बीपवर ठेवून ती फट स्वतः शोधली.

इंडिकेटर माझ्याच टाकीवर बसवला. दोन महिने छान चालला. आता अडचण: तळाची सामाईक तार, तांब्याची, हिरवी-काळी पडून टोकाला अक्षरशः झिजून सुईसारखी झाली आहे. वरच्या चार तारा जवळपास जशाच्या तशा आहेत. एकच तार का खाल्ली जाते आणि काय करावं?

---

आठवीची आई | रविवार, रात्री १०:१५

दादा, फार छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. माझी मुलगी आठवीत आहे, तिला हे करायचंय. मला यातलं काही येत नाही. मोबाइलवर जमेल का? आणि लहान मुलांना अकाउंट काढायला ईमेल लागतो त्याचं काय?

---

पॅनेलवाला | रविवार, रात्री १०:३२

ताई, अगदी सुरुवातीला तिला फॉल्स्टॅडपेक्षा टिंकरकॅड सोपं जाईल. ते ऑटोडेस्क कंपनीचं आहे, मोफत आहे. त्यात चिन्हांऐवजी वस्तू खऱ्यासारख्या दिसतात: भोकाभोकांचा ब्रेडबोर्ड, रंगीत पट्ट्यांचा रेझिस्टर, बॅटरी, आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड). एलईडी रेझिस्टरशिवाय ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडला तर त्यावर स्फोटाची खूण येते. हे तिला मुद्दाम करू द्या. एक पैसा न जाता एलईडी जाळता येतो, आणि मग ४७० ओहम लावला की तोच एलईडी १५ मिलिॲम्पिअरवर सुखाने चालतो हे तिचं तिला दिसतं.

ईमेलचं: शिक्षक म्हणून तुम्ही स्वतःच्या अकाउंटवर वर्ग तयार करायचा. मुलांना वर्गाचा कोड आणि एक टोपणनाव पुरतं, त्यांचा ईमेल लागत नाही. माझी सातही मुलं अशीच येतात.

मोबाइलच्या पडद्यावर वायर ओढताना बोट चुकतं आणि मुलं कंटाळतात. टॅब किंवा जुना लॅपटॉप असेल तर बरं.

एक गोष्ट मात्र कडक ठेवा. पडद्यावर कितीही व्होल्ट घेऊ देत, हातात बॅटरी किंवा ५ व्होल्टचा चांगला चार्जर, त्यापुढे नाही. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगला मुलांनी जोडलेलं काहीही लावायचं नाही.

---

क्षार | सोमवार, सकाळी ७:०५

मी रसायनशास्त्र शिकवते. तुमच्या तारेचं उत्तर तुमच्याच रचनेत आहे. सामाईक तार प्लसला आहे, म्हणजे ती ॲनोड. ॲनोडवरचं तांबं इलेक्ट्रॉन देऊन आयन होऊन पाण्यात उतरतं. वरच्या तारा कॅथोड, तिथे धातू विरघळत नाही. करंट मायक्रोॲम्पिअरमध्ये असला तरी तो चोवीस तास, दोन महिने, एकाच दिशेने आणि चारही तारांचा मिळून त्याच एका तारेतून वाहतोय. प्लस-मायनस उलटं केलंत तर वरच्या चार झिजतील, इतकाच फरक.

आणि हे पाणी घरात प्यायला वापरत असाल तर ते तांबं पाण्यातच जातंय. ती तार आजच काढा.

उपाय सोप्यापासून सांगते. पहिला, इंडिकेटर सतत चालू ठेवू नका. बटण दाबलं की दोन सेकंद दिवे लागावेत. झीज त्याच प्रमाणात घटते. दुसरा, तांब्याऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. तेही कालांतराने खराब होतात, पण बरेच टिकतात. तिसरा आणि मला सर्वांत योग्य वाटणारा, पाण्यातून करंट घालवायचाच नाही. तरंगणारा गोळा, त्यात लोहचुंबक, आणि बंद नळीत रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा). पाण्याला वीज शिवतच नाही.

---

जुना रेडिओ | सोमवार, सकाळी ११:२०

लेख मनापासून लिहिला आहे, पण मला काळजी वाटते ती सांगतो. मी चाळीस वर्षं दुरुस्ती केली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एकेक दुकान पालथं घालून सामान आणायचं, जोडायचं, बोट भाजायचं. कुठला भाग तापलाय हे हात जवळ नेला की कळायचं. पडद्यावरचा भाग तापत नाही, त्याला वास येत नाही. मुलं तिथेच रमली तर हात तयार व्हायचा राहतो.

एक उदाहरण देतो. ५५५ ही टायमरची चिप घ्या. १० के, ६८ के आणि १० मायक्रोफॅरड लावून सेकंदाला एक लुकलुक करणारं सर्किट पडद्यावर सुरेख चालेल. खऱ्या बोर्डवर तेच शेजारच्या काउंटरला चुकीचे आकडे मोजायला लावतं. कारण साध्या एनई५५५ च्या आउटपुटची पातळी बदलते त्या क्षणी आतले वरचे-खालचे दोन्ही ट्रान्झिस्टर क्षणभर एकदम चालू असतात आणि सप्लायवर करंटचा मोठा झटका बसतो. पाय १ आणि ८ च्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला की थांबतं. हे मला सिम्युलेटरने शिकवलं नाही, ऑसिलोस्कोपने (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राने) शिकवलं.

---

उत्तरायण | सोमवार, दुपारी ३:५०

काका, झटक्याबद्दल शंभर टक्के बरोबर. मी म्युनिकला चिप डिझाइनमध्ये आहे, मूळची साताऱ्याची. थोडी दुसरी बाजू मांडते.

सिम्युलेशन जन्मालाच आलं ते ब्रेडबोर्ड अपुरा पडला म्हणून. चिपच्या आतलं सर्किट सुट्या भागांतून बाहेर जोडलं तर ते चिपमधल्यासारखं वागत नाही, तारांचंच कपॅसिटन्स त्याला बिघडवतं. म्हणून बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डोनाल्ड पेडरसन आणि लॉरेन्स नेगल यांनी स्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर तयार केलं. १९७३ मध्ये ते जगापुढे आलं, आणि विद्यापीठाने ते लोकांना मोकळं दिलं. आजचे एलटीस्पाइस, एनजीस्पाइस हे त्याच घराण्यातले. ५५५ मात्र त्याच्या आधीचा, हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्ससाठी बनवलेला. त्याची आखणी हातानेच झाली होती.

तुम्ही सांगितलेला झटका सिम्युलेटरला दाखवता येत नाही असं नाही. मॉडेल कुठलं घेतलंय त्यावर ते आहे. बहुतेक सोप्या साधनांत ५५५ म्हणजे नुसता आदर्श डबा: एक तृतीयांशला चालू, दोन तृतीयांशला बंद. आत ट्रान्झिस्टरच नाहीत तर झटका कुठून येणार? ट्रान्झिस्टर पातळीचं मॉडेल घ्या, सप्लायच्या तारेला थोडं इंडक्टन्स द्या, झटका दिसेल. साधन वापरणाऱ्याने विचारायचं ते एवढंच, की या डब्याच्या आत काय धरलंय आणि काय सोडलंय. पॅनेलवाला दादांच्या मुलांनी गेनचा १०० शोधला तेव्हा हेच केलं.

आणि तुमच्या त्या १० के, ६८ के, १० मायक्रोफॅरडमध्ये एक गंमत आहे. पहिली लुकलुक पुढच्यांपेक्षा लांब असते. कपॅसिटर पहिल्यांदा शून्यापासून भरतो, नंतर दर वेळी एक तृतीयांशपासून. आकडा काढला तर पहिला उजेड साधारण ०.८६ सेकंद, पुढचे ०.५४. फॉल्स्टॅडमध्ये कपॅसिटरवर स्कोप लावून बघा, आलेखात पहिली चढण स्पष्ट उंच दिसते.

---

तिसरं सेमिस्टर | सोमवार, रात्री ८:१०

डिप्लोमाला आहे. दोन प्रश्न. एक: दोन ट्रान्झिस्टरचा फ्लिप-फ्लॉप लुकलुकणारा दिवा (एस्टेबल मल्टिव्हायब्रेटर) सिम्युलेटरमध्ये सुरूच होत नाही, दोन्ही एलईडी लागून राहतात. तेच ब्रेडबोर्डवर पहिल्या फटक्यात चालू झालं. मॅडम म्हणाल्या सिम्युलेशन चुकलंय. दोन: "सिंग्युलर मॅट्रिक्स" म्हणजे काय?

---

उत्तरायण | सोमवार, रात्री ९:००

पहिल्याचं उत्तर मला फार आवडतं. तुझ्या पडद्यावरचे दोन्ही ट्रान्झिस्टर, दोन्ही कपॅसिटर, दोन्ही रेझिस्टर तंतोतंत सारखे आहेत. मग आधी कोण चालू होणार हे ठरवायला काही कारणच नाही, दोघं सारखेच अर्धवट उघडून बसतात. प्रत्यक्षात कुठलेही दोन भाग सारखे नसतात, त्यात विजेचा स्वतःचा बारीक खळखळाट असतो, त्यामुळे एक जण किंचित पुढे जातो आणि दुसऱ्याला बंद पाडतो. तू एका बाजूचा बेसचा रेझिस्टर किंचित बदल, समजा ४७ के असेल तर ४६ कर, किंवा एका कपॅसिटरला सुरुवातीचं व्होल्टेज दे. सुरू होईल. सिम्युलेशनचं गणित बरोबर आहे, त्याला दिलेलं जग जरा जास्तच नेटकं आहे.

दुसरं: सिम्युलेटर प्रत्येक जोडणीपाशी किर्चहॉफचा नियम लावून समीकरणं मांडतो आणि ती सगळी मिळून एक मॅट्रिक्स सोडवतो. समीकरणांना एकच उत्तर निघत नसेल तर हा संदेश येतो. समज, ५ व्होल्टची आणि ९ व्होल्टची आदर्श बॅटरी समांतर जोडलीस. त्या तारेवर ५ की ९? किंवा सर्किटचा एखादा तुकडा कुठेच जोडलेला नाही, मग त्याचं व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजायचं? आधी ग्राउंड लावलंय का बघ, मग रेझिस्टर नसलेला एखादा फेरा शोध.

पुढे जायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम बघ. ते केआयकॅड आणि एनजीस्पाइसवर उभं आहे, मोफत आणि मुक्त आहे, आणि त्यात पीसीबीपर्यंत (छापील सर्किट बोर्डपर्यंत) जाता येतं. मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम तपासायचा असेल तर वोक्वी छान आहे, ईएसपी३२ सुद्धा चालतो. पण लक्षात ठेव, ते डिजिटल बाजू बघतं. तिथे रेझिस्टरशिवाय एलईडी बिनतक्रार लागतो, पण खऱ्या आर्डुइनो उनो आर३ च्या पायाची कमाल मर्यादा ४० मिलिॲम्पिअर आहे.

---

जुना रेडिओ | मंगळवार, सकाळी १०:४५

उत्तरायण, पहिली लुकलुक लांब असते हे मी हजार वेळा बघितलं असेल, कारण आज कळलं. नातवाला बसवून फॉल्स्टॅड उघडला आणि ती पहिली चढण स्वतः बघितली. आभार.

पॅनेलवाला, माझ्याकडे एक जादा मल्टिमीटर आहे, काट्याचा, पण व्यवस्थित आहे. तुमच्या मुलांसाठी पाठवायचा आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

पॅनेलवाला | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. मल्टिमीटर पोचला, काका. मुलांना काट्याचा जास्त आवडला. कपॅसिटर भरताना काटा चढतो आणि परत येतो ते बघायला रांग लागते.

क्षार मॅडम, तार त्याच दिवशी काढली. तिसरा उपाय घेतला: चार उंचीवर चार तरंगते गोळे आणि चार रीड स्विच. आधी अर्थातच पडद्यावर. रीड स्विच म्हणजे साधा स्विच, त्यामुळे ट्रान्झिस्टरच लागेनात, सर्किट निम्म्यावर आलं. "पाणी कुठंय" विचारणाऱ्या मुलीनेच हे सुचवलं. बझर वाजवायला पाचवी गोष्ट म्हणून ५५५ ठेवला, पाय १ आणि ८ मध्ये ०.१ मायक्रोफॅरड लावूनच.

कागदावर दिव्यांचा करंट प्रत्येकी ९ मिलिॲम्पिअर लिहिला होता (५ वजा २, भागिले ३३०). पडद्यावर ८.९. टाकीवर मोजला तर ७.४. या वेळी कोणी मला विचारायला आलं नाही. दोघं जण जिन्यातल्या केबलच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजायला गेले. खाली चार्जरपाशी ५.०५, वर टाकीपाशी ४.५. पंधरा मीटरची बारीक केबल, तिचा रेझिस्टन्स आम्ही कोणीच धरला नव्हता. आता मुलं सिम्युलेटरमध्ये त्या केबलच्या जागी एक रेझिस्टर टाकून किती ओहमला ४.५ येतात ते शोधत आहेत. चारही दिवे आणि बझर मिळून करंट किती हे आधी मोजायला हवं, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. पुढच्या रविवारपर्यंत मी सांगणार नाही.

फॉल्स्टॅडमध्ये पूर्ण सर्किट एका लिंकमध्ये साठवता येतं. कोणाला हवं असेल तर व्यनि करा, पाठवतो.